लहान गोठ्यासाठी नोंदींचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं

सॉफ्टवेअर शोधायला बसलं की आपण पहिल्यांदा फीचर्सची यादी वाचतो आणि तिथंच गाडी चुकते, कारण यादी सगळ्यांचीच लांब असते आणि डेमो सगळ्यांचाच छान दिसतो. लहान गोठा म्हणजे मी साधारण ५ पासून ५०-६० जनावरांपर्यंत धरतोय, दुभती असोत, मांसासाठी असोत नाहीतर दोन्ही. अशा गोठ्यात घेतलेलं सॉफ्टवेअर दोन-तीन महिन्यांत बंद पडतं ते बहुतेक वेळा नोंद करायचा कंटाळा येतो म्हणून. सकाळी धारेच्या वेळी गाय माजावर दिसली, हात ओले आहेत, शेजारची ओरडतेय, त्या वेळी अर्ध्या मिनिटात नोंद झाली तर झाली, नाहीतर ती रात्रीवर जाते आणि रात्री कुणी करत नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की निवडताना दोन गोष्टींना सगळ्यात जास्त मार्क द्या: जनावराजवळ उभं राहून नोंद किती पटकन होते, आणि भरलेली माहिती पुढेमागे सगळीच्या सगळी बाहेर काढता येते का. बाकी सगळं त्यानंतर.

आधी प्रश्न लिहून काढा

कुठलंही ॲप डाउनलोड करायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि जनावरांबद्दल तुम्हाला रोज, आठवड्याला, वर्षाला जे प्रश्न पडतात ते लिहा. आज कुणावर लक्ष ठेवायचं, कुणाची गाभण तपासणी राहिलीये, कुणाला आटवायचं (व्यायच्या आधी दूध थांबवायचं), कुणाचं दूध आज वेगळं काढायचं, कुठली कालवड भरवायच्या वजनाला आली, आणि वर्षाच्या शेवटी कुठली ठेवायची नि कुठली काढायची. बहुतेक गोठ्यांत ही यादी सात-आठ प्रश्नांच्या पुढे जात नाही. आता प्रत्येक प्रश्नासमोर लिहा की त्याचं उत्तर मिळायला कुठल्या नोंदी लागतात. आटवायचं कुणाला हे कळायला भरवल्याची तारीख आणि गाभण असल्याची खात्री एवढंच पुरतं. काढायची कुठली हे कळायला मात्र वेतं, दोन वेतांमधलं अंतर, दूध, आजारपणं सगळं लागतं. आणि जी माहिती तुमच्या एकाही प्रश्नाला लागत नाही ती भरल्याशिवाय जे सॉफ्टवेअर पुढच्या स्क्रीनवर जाऊच देत नाही, ते तुमच्यासाठी नाही.

एक उदाहरण घेऊ म्हणजे नोंदीची किंमत कळेल. समजा गाय १० जानेवारीला भरवली. माजाचं चक्र सरासरी २१ दिवसांचं, १८ ते २४ धरून चाला, म्हणजे ३१ जानेवारीच्या आसपास ती उलटते का, म्हणजे परत माजावर येते का, ते बघायचं. नाही उलटली तर ६० दिवसांनी म्हणजे ११ मार्चला हाताने गाभण तपासणी, अल्ट्रासाउंड करणारा डॉक्टर असेल तर महिन्याभरातच कळतं. गाभण काळ २८३ दिवस धरला तर व्यायची तारीख २० ऑक्टोबर, आणि त्याच्या ६० दिवस आधी, २१ ऑगस्टला आटवायचं. एका नोंदीतून चार कामांच्या तारखा निघाल्या, त्या आपोआप निघाल्या पाहिजेत आणि त्या त्या दिवशी आपल्यासमोर आल्या पाहिजेत, बस्स, प्रजननाच्या बाबतीत सॉफ्टवेअरचं मुख्य काम हेच. व्यायल्यावर ८५ दिवसांत गाय गाभण राहिली तर दोन वेतांमधलं अंतर वर्षाच्या आसपास बसतं, त्यात नुसते दोन माज हुकले की ४२ दिवस वाढले, आणि ते ४२ दिवस गाय खात असतेच.

गोठ्यात उभं राहून तपासा

खुर्चीत बसून ॲप बघू नका. फोन घेऊन गोठ्यात जा, एका गाईसमोर उभे रहा आणि "ही आज सकाळी माजावर आहे" एवढीच नोंद करून बघा. गाय शोधायला किती वेळ लागला? टॅगचे शेवटचे तीन-चार आकडे टाकून सापडते का, नावाने सापडते का (घरात सगळे नावानेच ओळखतात, टॅग फक्त कागदोपत्री असतो), की सगळी यादी वर-खाली सरकवत बसावी लागते? तारीख आजची आपोआप आली का, वेळ टाकायची सोय आहे का? ही वेळेची गोष्ट छोटी वाटते पण महत्त्वाची आहे, कारण सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी हा जुना नियम आजही लोक पाळतात, आणि जे सॉफ्टवेअर फक्त तारीख घेतं त्यात सकाळ-संध्याकाळ हा फरकच राहत नाही.

मग फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि परत तीच नोंद करा. इथं अर्धी ॲप गळतात. काही उघडतच नाहीत, काही उघडतात पण यादी रिकामी दाखवतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही नोंद घेतल्यासारखं दाखवतात आणि नेट आल्यावर ती कुठंच सापडत नाही. ऑफलाइन चालतं असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ प्रत्येकाच्या लेखी वेगळा असतो, म्हणून स्वतःच बघा: नेट बंद, चार-पाच नोंदी, ॲप पूर्ण बंद करून परत उघडा, मग नेट चालू, आणि दुसऱ्या फोनवर त्या नोंदी आल्या का ते तपासा.

दुसरा फोन म्हणालो कारण गोठ्यात एकटा माणूस नसतो. धार एक काढतो, वैरण दुसरा टाकतो, डॉक्टरला फोन तिसरा करतो. माज बहुतेक वेळा त्यालाच दिसतो जो सगळ्यात जास्त वेळ गोठ्यात असतो, आणि त्याच्याच फोनमध्ये ॲप नसतं. म्हणून किमान दोन-तीन जणांना आपापल्या फोनवरून नोंद करता आली पाहिजे आणि नोंद कुणी केली ते दिसलं पाहिजे. पैशाचे आकडे सगळ्यांना दाखवायचे नसतील तर तशी परवानगी ठरवता येते का ते बघा. भाषेचंही तेच, ॲप तुमच्या भाषेत नसेल तरी निदान चित्रं आणि बटणं इतकी सोपी हवीत की एकदा दाखवल्यावर माणूस विचारायला येणार नाही, आणि शेरा म्हणून जे लिहायचं ते तरी आपल्या लिपीत लिहिता आलं पाहिजे. काही ॲपमध्ये देवनागरी टाइप होते पण एक्सपोर्ट केल्यावर (नोंदी फाइलमध्ये बाहेर काढल्यावर) नुसते चौकोन येतात, तेही आधीच तपासून घ्या.

एकाच दिवशी सगळ्या जनावरांना लस दिली किंवा जंताचं औषध पाजलं तर ती नोंद एकदाच करून सगळ्यांना लागू झाली पाहिजे, आणि त्यातून दोन-तीन वगळता आली पाहिजेत (उदाहरणार्थ जी जास्त गाभण आहे तिला तो डोस द्यायचा नव्हता). जिथं २५ जनावरांसाठी २५ वेळा तीच स्क्रीन उघडावी लागते तिथं लसीची नोंद पहिल्या वर्षी होते, दुसऱ्या वर्षी होत नाही.

टॅग नंबरचा घोळ

हे जरा सविस्तर सांगतो कारण यात खूप लोक अडकतात. इलेक्ट्रॉनिक टॅगचा नंबर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे (आयएसओ ११७८४ आणि ११७८५) १५ आकड्यांचा असतो, पहिले तीन आकडे देशाचा किंवा टॅग बनवणाऱ्याचा कोड आणि पुढचे १२ त्या जनावराचे. हा नंबर एक्सेलमध्ये टाकला किंवा सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) एक्सेलमध्ये थेट उघडली, की एक्सेल त्याला मोठी संख्या समजतं आणि तो आखूड करून, मधे प्लसचं चिन्ह घालून दाखवतं. तोपर्यंत आतला नंबर शाबूत असतो, पण तीच फाइल तशीच परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच सेव्ह होतं आणि शेवटचे आकडे कायमचे गेले. सगळ्या गाई एकाच नंबरच्या झाल्या! ००७ सारखा साधा टॅग असेल तर पुढची शून्यं उडून ७ राहतो. उपाय सोपा आहे, टॅगचा कॉलम आधी टेक्स्ट करायचा आणि मगच नंबर टाकायचे, आणि बाहेरची फाइल दोनदा क्लिक करून न उघडता डेटा इम्पोर्टमधून आणायची, तिथं टॅगच्या कॉलमला टेक्स्ट सांगायचं.

तारखांचाही असाच प्रकार. ०३/०७ म्हणजे ३ जुलै की ७ मार्च हे सॉफ्टवेअर कुठं बनलंय त्यावर ठरतं, आणि चूक लगेच लक्षात येत नाही कारण २५ तारीख टाकली तर ती बरोबरच दिसते, १२ च्या आतल्या तारखाच उलट्या होतात. ट्रायलमध्ये मुद्दाम ०३/०७ ची भरवल्याची नोंद टाका आणि व्यायची तारीख काय देतंय बघा, एप्रिलमधली आली तर ठीक, डिसेंबरमधली आली तर सेटिंग बदला. स्वतःच्या शीटमध्ये तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असंच लिहायची सवय ठेवा, २०२५-०७-०३, यात गोंधळाला जागाच नाही.

आणखी एक, टॅग पडतात. झाडाझुडपात अडकून, दावणीला घासून, कसेही. नवा टॅग मारल्यावर त्या गाईचा जुना सगळा इतिहास नव्या नंबराखाली तसाच राहिला पाहिजे आणि जुना नंबर टाकला तरी तीच गाय सापडली पाहिजे. विक्रेत्याला थेट विचारा, टॅग बदलला तर काय करायचं. "नवीन जनावर म्हणून टाका" असं उत्तर आलं तर तिथंच थांबा. टॅग वाचणारा रीडर घ्यायचा की नाही हा प्रश्न येतो, तर २०-३० जनावरांत मला त्याची गरज वाटत नाही, हातातला रीडर कानाच्या वीतभर जवळ न्यावाच लागतो आणि तेवढ्या अंतरावरून डोळ्यांनाही नंबर दिसतो. वजनकाट्यावरून एकामागून एक जनावरं घालवायची असतील तेव्हा तो कामाला येतो.

तीन अवघड गाई टाकून बघा

डेमोमध्ये दाखवतात ती गाय फार सरळ असते, माजावर आली, भरवली, राहिली, व्यायली. तुमच्या गोठ्यातल्या सगळ्यात गुंतागुंतीच्या इतिहासाच्या तीन गाई निवडा आणि त्यांचा खरा इतिहास त्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा भरा. जे सॉफ्टवेअर या तिघींना नीट सामावून घेतं ते बाकीच्यांना घेईलच.

पहिली, सारखी उलटणारी. तिला चार वेळा रेतन झालंय, एकदा एकाच माजात दोन वेळा, वळू वेगवेगळे. सॉफ्टवेअर एकाच माजातली दोन रेतनं एकच प्रयत्न म्हणून मोजतं की दोन? गाभण राहिली तर कुठल्या रेतनापासून दिवस मोजतं आणि बाप कुठला धरतं, ते तुम्हाला बदलता येतं का? दुसरी, जिने सहाव्या-सातव्या महिन्यात गाभ टाकला. काही सॉफ्टवेअरमध्ये गाभ टाकल्याची नोंदच नसते, लोक मग "गाभण नाही" असं करून पुढं जातात आणि ती माहिती कायमची हरवते, खरं तर गोठ्यात एकामागून एक गाभ गेले तर ते संसर्गाचं लक्षण असू शकतं आणि डॉक्टर पहिलं हेच विचारतो की कुणाचा, कितव्या महिन्यात, कधी. तिसरी, जिला जुळं झालं. एक कालवड एक गोऱ्हा असं जुळं असेल तर त्यातली कालवड दहापैकी नऊ वेळा वांझ निघते, म्हणजे ती जुळ्यातली आहे ही नोंद तिच्या नावासमोर राहिलीच पाहिजे, नाहीतर दोन वर्षं वाढवून मग कळायचं.

कळपात वळू सोडलेला असेल तर भरवल्याची नेमकी तारीख नसतेच. तिथं वळू कधी सोडला आणि कधी काढला अशा दोन तारखा घेऊन व्यायचा अंदाजी काळ देणारं सॉफ्टवेअर हवं. तुम्ही उगाच एक तारीख ठोकून दिलीत तर सॉफ्टवेअर ती खरी मानून आटवायची सूचना देत बसेल.

आणि गाभण काळाचा आकडा बदलता येतो का हे विसरू नका. २८३ हा सरासरी आकडा आहे, जातीप्रमाणे तो पाच-दहा दिवस इकडे-तिकडे होतो, होल्स्टीनला थोडा कमी, ब्राह्मनसारख्या झेबू (वशिंडाच्या) जातींना २९० च्या वर. गाईंबरोबर म्हशी असतील तर त्यांचा ३१० च्या आसपास, आणि सॉफ्टवेअर फक्त गाय ओळखत असेल तर म्हशीची प्रत्येक तारीख जवळजवळ महिनाभर अलीकडे पडणार. एकाच गोठ्यात दोन वेगळे आकडे ठेवायची सोय पाहिजे.

बापाची नोंद कशी घेतं तेही बघा. रेतनाच्या कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो तसाच टाकता आला पाहिजे, नुसतं "जर्सी" किंवा "गीर" लिहून चालत नाही. लहान कळपात नात्यात भरवणं नकळत होतं, तोच वळू पुढं त्याच्याच मुलीला वापरला तर होणाऱ्या वासरात जवळच्या नात्याचं प्रमाण २५ टक्के येतं. रेतनाची नोंद करतानाच "हा हिचा बाप आहे" असं लाल अक्षरात सांगणारं सॉफ्टवेअर मिळालं तर त्याला जास्तीचे मार्क द्या.

औषधं आणि वेगळं काढायचं दूध

हा भाग दूध किंवा मांस विकणाऱ्यासाठी सगळ्यात जबाबदारीचा आहे. औषध दिल्यावर किती दिवस दूध विकायचं नाही आणि किती दिवस जनावर कत्तलीला द्यायचं नाही हे दोन वेगळे आकडे असतात, लेबलवर असतात, आणि दुधाचा बऱ्याचदा तासांत किंवा धारांत दिलेला असतो. सॉफ्टवेअरने दोन्ही वेगळे घेतले पाहिजेत आणि शेवटचा डोस कधी दिला तिथून मोजायला पाहिजेत, पहिल्या डोसपासून नाही. तीन दिवसांचा कोर्स असेल तर हा फरक दोन दिवसांचा पडतो आणि तेवढ्यात सगळ्यांच्या दुधात ते दूध मिसळून जातं. औषधांची तयार यादी सॉफ्टवेअरमध्ये असेल तरी त्यातल्या आकड्यांवर विसंबू नका, तुमच्या हातातल्या बाटलीवरचा किंवा डॉक्टरने सांगितलेला आकडा टाकता आला पाहिजे.

आटवताना सडात औषधाची ट्यूब सोडतो, तिचा दूध न विकायचा काळ लांब असतो. गाय ठरल्या तारखेच्या आधी व्यायली तर चीक संपल्यावरही तो काळ संपलेला नसू शकतो, आणि त्या वेळी घरात सगळे नव्या वासराच्या गडबडीत असतात. म्हणून व्यायल्याची नोंद केल्यावर सॉफ्टवेअर "हिचं दूध अजून चालणार नाही" असं दाखवतं का, की व्यायली म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरू करतं, हे एका खोट्या गाईवर करून बघा.

कासदाहाची (मस्टायटिसची) नोंद सडानुसार हवी, पुढचं डावं, मागचं उजवं अशी. "मस्टायटिस झाला, औषध दिलं" एवढ्यावरून वर्षाने काहीच कळत नाही, पण त्याच सडाला चौथ्यांदा झालाय हे दिसलं तर डॉक्टरशी वेगळं बोलणं होतं, आणि गाय ठेवायची की नाही याचाही निर्णय होतो.

दूध आणि वजन

रोज प्रत्येक गाईचं दूध लिहिणं होत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. आंतरराष्ट्रीय पशु नोंदणी समिती (आयकार, १९५१ पासून काम करतेय) नोंदीचे जे नियम ठरवते त्यातही साधारण चार आठवड्यांनी एक दिवस मोजायची पद्धत मान्य आहे. हिशोब सोपा आहे, आजच्या मोजणीला १० लिटर, ३० दिवसांनी ८ लिटर, सरासरी ९ गुणिले ३० म्हणजे त्या काळात २७० लिटर. सॉफ्टवेअरला असं अधूनमधून मोजलेलं दूध चालतं का बघा, कारण काही ॲपमध्ये ज्या दिवशी नोंद नाही तो दिवस शून्य धरला जातो आणि गाईचं वेतभराचं दूध हास्यास्पद कमी दिसतं. गाईंची तुलना करायला ३०५ दिवसांचं दूध हा नेहमीचा आकडा, तो निघतो का तेही बघा.

मांसासाठी वासरं असतील तर दुधाऐवजी वजन. वेगवेगळ्या दिवशी जन्मलेल्या वासरांची तुलना करायला २०५ दिवसांना आणलेलं वजन काढतात: जन्माला ३० किलो, १९० व्या दिवशी १८२, म्हणजे रोजची वाढ ०.८ किलो, त्याला २०५ ने गुणून जन्माचं वजन मिळवलं की १९४. हे सॉफ्टवेअरने करावं, पण त्यासाठी जन्मवजन आणि आईचं दूध तोडायच्या दिवशीचं वजन असायला हवं, ते तुमच्याकडे नसेल तर या फीचरसाठी जास्त पैसे मोजू नका.

वही, शीट की ॲप

खरं सांगायचं तर दहा-बारा जनावरं आणि नोंद करणारा एकच माणूस असेल तर चांगली वही आणि एक साधी शीट पुरते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शीट करायची असेल तर प्रत्येक गाईला वेगळं पान करू नका, ती चूक फार जण करतात आणि मग "या महिन्यात कोण व्यायचंय" हे शोधायला वीस पानं उलटावी लागतात. दोनच पानं करा. एकात जनावरं, एका ओळीत एक, टॅग, नाव, जन्मतारीख, आई, बाप, कुठून आली, कधी गेली. दुसऱ्यात घटना, एका ओळीत एक घटना, तारीख, टॅग, काय झालं, शेरा. माज, रेतन, तपासणी, आटवणं, व्यायणं, औषध सगळं त्याच पानात एकाखाली एक. मग टॅगवर फिल्टर लावला की एका गाईचा इतिहास, "रेतन" वर लावला की सगळी रेतनं. आणि पुढं ॲपवर जायचं ठरलं तर अशी शीट जवळजवळ तशीच आत घेता येते, गाईगणिक केलेली पानं घेता येत नाहीत.

शीटला काय जमत नाही तर आठवण करून देणं, दोन-तीन जणांनी फोनवरून लिहिणं (गूगल शीट्सवर होतं, पण लहान स्क्रीनवर चुकीच्या रकान्यात बोट पडतंच), आणि औषधाचा काळ चालू असताना अडवणं. या तीनपैकी एक जरी अडचण रोजची झाली असेल तर ॲपकडे जायची वेळ झाली.

पैसे आणि डेटा

किंमत बघताना महिन्याचा आकडा सोडून कशाचे पैसे घेतात ते बघा. जनावरागणिक असेल तर वासरं मोजतात का, आणि विकलेली-मेलेली मोजतात का? ती मोजत असतील तर जुना इतिहास ठेवायचा म्हणजे दरवर्षी जास्त पैसे, आणि लोक मग जुन्या गाई पुसून टाकतात, त्याबरोबर कालवडींची वंशावळही जाते. फुकट ॲप वाईट असतं असं नाही, पण तुमच्या नोंदी कुणाकडे जाणार हे अटींमध्ये वाचा, कारण औषध आणि खाद्य विकणाऱ्यांना ही माहिती हवीच असते.

पैसे भरायचे थांबवले तर काय होतं? नोंदी वाचता तरी येतात का, की कुलूप लागतं? आणि कंपनीच बंद झाली तर? म्हणून एक्सपोर्ट. ट्रायलमध्येच एक्सपोर्टचं बटण दाबा आणि आलेली फाइल उघडून बघा, त्यात घटनांची पूर्ण यादी तारखांसकट आहे का, की फक्त जनावरांची नावं आणि आजची स्थिती? पीडीएफ मिळते म्हणजे एक्सपोर्ट नव्हे, ती छापायला ठीक आहे, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जात नाही. सीएसव्ही किंवा एक्सेल पाहिजे. आणि घेतल्यावरही महिन्याला एकदा ती फाइल काढून दुसरीकडे ठेवत जा, फोन हौदात पडतो, पासवर्ड विसरतो, हे सगळं होतं.

सुरुवात कशी करायची

निवड झाली की पहिल्याच दिवशी दहा वर्षांच्या वह्या भरायला बसू नका, त्यातच उत्साह संपतो. आज जिवंत असलेली जनावरंच घ्या, प्रत्येकाची जन्मतारीख (नक्की नसेल तर अंदाजी, आणि शेऱ्यात अंदाजी असं लिहा), आई-बाप माहीत असतील तर, शेवटची व्यायल्याची तारीख, कितवं वेत, शेवटचं रेतन, आणि गाभण आहे की नाही. २०-२५ जनावरांचं हे एका दुपारचं काम आहे. जुन्या वह्या जपून ठेवा, लागेल तसं एकेका गाईचं मागचं भरता येतं.

गोठ्यातली वही लगेच बंद करू नका. निदान एक माजाचं चक्र, म्हणजे तीन आठवडे, दोन्ही चालू ठेवा आणि आठवड्याला एकदा समोरासमोर ठेवून बघा की वहीत आहे आणि ॲपमध्ये नाही असं काय राहिलं. जे राहतं त्यावरून कळतं की कुठली नोंद करायला अवघड जातेय, आणि मग ती बटणं वर आणता येतात का, की ती नोंद दुसऱ्या कुणाकडे द्यायची, ते ठरवता येतं. भिंतीवर एक फळा असू द्या, ज्याच्याकडे फोन नाही त्याने टॅग आणि "माज" एवढं लिहायचं आणि संध्याकाळच्या धारेनंतर एकाने ते ॲपमध्ये टाकून फळा पुसायचा.

या काळात पहिली गाय व्यायली की वासराची नोंद तिच्या पानावरूनच करा आणि वासराचं पान उघडून बघा, आई आली का, ज्या रेतनातून राहिली त्या वळूचा नंबर बाप म्हणून आला का, जन्मतारीख आली का, आणि टॅग नसताना नुसत्या नावाने नोंद राहिली का, कारण टॅग काही पहिल्या दिवशी मारला जात नाही. हे सगळं हाताने परत भरावं लागलं तर आत्ताच सॉफ्टवेअर बदला, अजून २०-२५ जनावरांचीच माहिती आहे, एका दुपारीत दुसरीकडे जाते.